होमिओपॅथीची तत्त्वं पेशींवर तपासायची असतील तर आधी कंट्रोलची बाटली बनवा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "बीएचएमएस झालंय, आता एमडी करतेय, गाईड म्हणतात डिझर्टेशन सेल लाईनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर, कर. होमिओपॅथीची तत्त्वं सेल बायोलॉजीने सिद्ध करता येतात का, आणि सुरुवात कुठून करू?"

मी पुण्यात गेली बावीस वर्षं टिश्यू कल्चर करतोय. तुमच्यासारखे होमिओपॅथीचे विद्यार्थी दर वर्षी एक-दोन तरी येतात, बरेच जण खूप मनापासून काम करणारे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब होईल, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे "सिद्ध करता येतात का" हा शब्दच बदला. "तपासता येतात का" असं म्हणा. हे उगाच शब्दाला धरून बसणं नाहीये. सिद्ध करायला निघालेला माणूस प्लेटमध्ये जे हवंय तेच बघतो, हे मी स्वतः अनुभवलंय, ते पुढे सांगतो.

दुसरं, तत्त्वं म्हणजे नक्की कुठलं तत्त्व? होमिओपॅथी सुरू करणाऱ्या हानेमाननी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन बघितली, १८१० मध्ये ऑर्गेनॉन हा त्यांचा ग्रंथ आला, आणि त्यातून जी चौकट उभी राहिली तिच्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. समानाने समान बरं होतं ही एक. विरळ करत झटके देत गेलं की औषधाची शक्ती वाढते ही दुसरी. प्रत्येक माणसाला त्याच्या लक्षणांप्रमाणे वेगळं औषध ही तिसरी, आणि व्हायटल फोर्स, म्हणजे शरीर चालवणारी जीवनशक्ती, ही चौथी. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्याला प्लेटमध्ये जागाच नाही. पेशीला स्वप्नं पडत नाहीत, तिला उकडतंय की थंडी वाजतेय हे विचारता येत नाही, मग रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायचा कोश, कशावर काढणार? त्यामुळे "हेला पेशींना पल्सेटिला दिलं" (हेला ही एक सेल लाईन, पल्सेटिला हे होमिओपॅथीचं औषध) असं कोणी सांगितलं तर मी पहिल्यांदा विचारतो की तुमच्याच शास्त्राप्रमाणे हे प्रिस्क्रिप्शन कसं झालं. उरतात पहिली दोन, आणि ती दोन्ही पूर्णपणे वेगवेगळी आहेत. लोक ती एकाच पिशवीत टाकतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

आधी समानतेचं घेऊ, कारण तिथे खरोखर चांगलं काम झालंय आणि तुमच्या कॉलेजमध्ये ते कोणी नीट शिकवत असेल असं मला वाटत नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला रुलंड फान वाइक आणि फ्रेड वीगंट या दोघांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं हाच प्रश्न पेशींवर विचारला. त्यांनी उंदराच्या यकृताच्या ट्यूमरच्या पेशी घेतल्या, त्यांना ४२ अंशाला अर्धा तास ठेवून उष्णतेचा धक्का दिला, आणि मग धक्का बसलेल्या त्या पेशींना पुन्हा त्याच प्रकारचा पण अगदी सौम्य ताण दिला. धक्क्यानंतर थेट ३७ अंशाला आणलेल्या पेशींपेक्षा सौम्य ताणात ठेवलेल्या पेशी हीट शॉक प्रोटीन (ताणात पेशीला सांभाळणारी प्रोटीनं) जास्त बनवतात आणि सावरतातही चांगल्या, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे काट्याने काटा काढायचा म्हणतात ना, ते इथे जवळजवळ शब्दशः घडलं.

मला त्यातला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. उष्णतेचा धक्का दिल्यावर सौम्य ताण म्हणून त्यांनी वेगवेगळी विषं वापरून बघितली, आर्सेनाइट, कॅडमियम वगैरे, अगदी थोड्या प्रमाणात. यातलं प्रत्येक विष पेशीत हीट शॉक प्रोटीनचा आपापला एक नमुना उमटवतं, कोणी एक प्रोटीन जास्त, कोणी दुसरं. आणि ज्या विषाचा नमुना उष्णतेच्या नमुन्याशी जास्त जुळत होता त्याचा फायदा जास्त दिसला. म्हणजे "समानता" ही कल्पना मोजता येईल अशी करून दाखवली त्यांनी, जेलवरच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून. कल्पना म्हणून मला हे आजही सुंदर वाटतं.

पण याचं कारण काय? एचएसएफ-१ नावाचं एक प्रोटीन असतं, नेहमीच्या वेळी शॅपरोन प्रोटीन, म्हणजे बाकीच्या प्रोटीनांची घडी सांभाळणारी प्रोटीनं, त्याला धरून ठेवतात. ताण आला की पेशीतली बाकीची प्रोटीनं विस्कटतात, शॅपरोन तिकडे धावतात, एचएसएफ-१ मोकळं होऊन न्यूक्लियसमध्ये जातं आणि नवीन हीट शॉक प्रोटीन बनवायची ऑर्डर निघते. आधीच धक्का बसलेल्या पेशीत शॅपरोन कामात अडकलेले असतात, त्यामुळे निरोगी पेशीला जाणवणारही नाही एवढासा ताणसुद्धा तिला पुरतो. हृदयविकारातही अशीच एक गोष्ट माहिती आहे, १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं होतं की आधी थोडा थोडा वेळ रक्तपुरवठा थांबवला की नंतरच्या मोठ्या ॲटॅकमध्ये नुकसान कमी होतं. यातल्या कशालाही व्हायटल फोर्स लागत नाही.

आणि मुख्य मुद्दा हा की डोस खरा होता. उट्रेख्टमधलं ते "अगदी थोडं" आर्सेनाइट म्हणजे मायक्रोमोलर पातळीचं. आता हिशोब करा, एक मायक्रोमोलर म्हणजे एका मिलीलिटरमध्ये साधारण सहाशे लाख कोटी कण. तुमच्या भाषेत ३सी आणि ४सी च्या मधे कुठेतरी (एक सी म्हणजे एकदा शंभर पट विरळ). तिथे रसायन भरपूर आहे, पेशीला ते कळतं, आणि ती प्रतिसाद देते. त्यामुळे या कामाचा दाखला देऊन कोणी "३०सी सिद्ध झालं" म्हणत असेल तर त्याने ते काम वाचलेलं नाही एवढंच मी म्हणेन. कमी डोसला उलटा परिणाम होतो हे निरीक्षणही जुनंच आहे, जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला ह्यूगो शुल्झनी १८८० च्या दशकात यीस्टवर ते केलं होतं, आज त्याला हॉर्मेसिस म्हणतात. तेही मोजता येणाऱ्या डोसचंच.

आता दुसरं तत्त्व, पोटेन्सी, म्हणजे विरळ करून झटके देऊन वाढते म्हणतात ती शक्ती. तुम्हाला हे माहिती आहेच पण तरी लिहितो, एक मोल मीठ म्हणजे साधारण ५८ ग्रॅम, त्यात सहावर २३ शून्यं इतके कण. १२सी म्हणजे १ वर २४ शून्यं इतक्या पट विरळ. म्हणजे नॅट्रम म्यूर हे मिठाचं औषध १२सी ला पोचेपर्यंत मिठाचा एक कण तरी हाती लागेल याची खात्री संपलेली असते. ३०सी ला तर १ वर ६० शून्यं. त्यामुळे १२सी च्या वरचा कुठलाही प्रयोग मुळात एकच प्रश्न विचारत असतो, की झटके दिलेलं पाणी-अल्कोहोल आणि साधं पाणी-अल्कोहोल यात पेशीला फरक कळतो का. हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. फक्त मग तुमचा सगळा प्रयोग म्हणजे कंट्रोल, म्हणजे औषध सोडून बाकी सगळं तसंच असलेला तुलनेचा नमुना. औषधाची बाटली दुय्यम, कंट्रोलची बाटली मुख्य.

हे कळायला बेनव्हेनिस्टचं प्रकरण पूर्ण वाचा, दोन्ही बाजूंनी. पॅरिसजवळ क्लामारला जाक बेनव्हेनिस्टची लॅब होती, ॲलर्जीच्या क्षेत्रातला नावाजलेला माणूस. ३० जून १९८८ च्या नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात त्यांचा पेपर आला की अँटी-आयजीई अँटीबॉडी (बेसोफिल पेशींना चाळवणारं प्रोटीन) इतकी विरळ केली की कण उरायला नको, तरी माणसाच्या रक्तातल्या बेसोफिल पेशी त्याला प्रतिसाद देतात. संपादक जॉन मॅडॉक्सनी अटच घातली होती की आम्ही लॅबमध्ये येऊन बघणार. जुलैमध्ये ते स्वतः, जादूगार जेम्स रँडी आणि वॉल्टर स्टुअर्ट असे तिघं गेले. आधी नेहमीच्या पद्धतीने प्रयोग झाले, परिणाम दिसला. मग बाटल्यांचे नंबर बदलले, कोड लिफाफ्यात घालून तो लॅबच्या छताला चिकटवला, आणि तीन प्रयोग पूर्ण आंधळे केले, म्हणजे कुठल्या बाटलीत काय हे मोजणाऱ्याला माहितीच नव्हतं. परिणाम गेला.

लोक छताचा लिफाफा लक्षात ठेवतात. मला विचाराल तर त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. बेसोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. त्यांना टोल्युडिन ब्लूने रंगवायचं, ज्या फुटल्या त्या रंग घेत नाहीत म्हणून दिसत नाहीत, आणि दिसतात त्या मायक्रोस्कोपखाली बसून मोजायच्या. म्हणजे "न दिसणं" हाच निकाल. आता कुठल्याही मोजणीत १०० पेशी मोजल्या तर दहा-एक इकडे तिकडे निव्वळ योगायोगाने होतातच, हे गणित आहे, यातून कोणाची सुटका नाही. त्या लॅबच्या वह्यांमध्ये एकाच नमुन्याच्या दोन मोजण्या या गणितात बसण्यापेक्षा जास्त जुळत होत्या. कोणी खोटेपणा केला असं मी म्हणत नाही, मोजणाऱ्याला आधीचा आकडा माहिती असला की हात आपोआप तिकडे जातो, आणि प्रामाणिक माणसाचाही जातो.

नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने हाच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला, १९९३ मध्ये नेचरमध्येच छापला, परिणाम मिळाला नाही. मग बेलफास्टच्या मॅडेलिन एनिस. त्या सुरुवातीला शंका घेणाऱ्याच होत्या, पण युरोपातल्या काही लॅबनी मिळून केलेल्या कामात विरळ हिस्टामिनचा परिणाम दिसला तेव्हा त्यांनी तो दिसला असं सरळ लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण तेच बर्नमधल्या गटाने केलं तेव्हा २००५ मध्ये त्यांना मिळालं नाही, आणि त्याआधी २००२ मध्ये बीबीसीने करून घेतलेल्या चाचणीतही नाही. २००७ मध्ये अशा इन व्हिट्रो, म्हणजे शरीराबाहेर केलेल्या, प्रयोगांचा एक आढावा आला, ६७ प्रयोग होते, जवळजवळ तीन चतुर्थांश प्रयोगांमध्ये उच्च पोटेन्सीचा परिणाम दिसला असा दावा होता. पण सगळ्यांना पुन्हा मिळेल असा एकही निकाल त्यात नव्हता. तुमचे सर बहुतेक पहिलं वाक्य सांगतील, दुसरं सांगणार नाहीत. दोन्ही वाक्यं डिझर्टेशनमध्ये लिहा.

कॅन्सरच्या सेल लाईनबद्दल वेगळं लिहितो कारण तुम्ही बहुधा एमसीएफ-७ ही ब्रेस्ट कॅन्सरची सेल लाईनच घ्याल. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलचा पेपर आला, कोलकात्याहून आणलेली कार्सिनोसिन, फायटोलॅक्का, कोनियम आणि थुजा ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर वापरली, पेशी मेल्या, आणि तो पेपर भारतभर फिरला. त्यात सॉल्व्हंट, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात तो द्रव, ८७ टक्के अल्कोहोल होता, आणि नुसत्या सॉल्व्हंटनेही पेशी लक्षणीय कमी झाल्या होत्या. त्याच्या चार वर्षं आधी, २००६ मध्ये, अमेरिकेतच दुसऱ्या एका गटाने प्रोस्टेट आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर होमिओपॅथिक औषधं तपासून वाढीत आणि जीन एक्स्प्रेशनमध्ये काही फरक पडत नाही असं छापलं होतं. तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

अल्कोहोलचा हिशोब एकदा स्वतः करून बघाच. ९० टक्के अल्कोहोलमधलं ३०सी, त्यातले १० मायक्रोलिटर तुम्ही १०० मायक्रोलिटर मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकलेत तर वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, झाला आठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल. त्यात कुठलीही पेशी मरेल, आर्निका असो की काहीही नसो. आम्ही वेलमध्ये अर्धा टक्का ही वरची मर्यादा धरतो, शक्यतो ०.१ टक्का. तिथे पोचायला औषध नऊशे पट विरळ करावं लागतं, मग तुमचे परीक्षक म्हणणार की ही ३०सी राहिलीच नाही. हा आक्षेप तुमच्या शास्त्राच्या आतून बरोबर आहे, म्हणून आधीच ठरवा की शेवटची पायरी स्टराइल पाण्यात करायची, आणि प्रोटोकॉलमध्ये तसं लिहून टाका. निकाल आल्यावर हा वाद घालत बसू नका.

मदर टिंक्चरचं, म्हणजे विरळ न केलेल्या मूळ अर्काचं (त्यालाच क्यू पोटेन्सी म्हणतात), तर विचारूच नका. आपल्याकडची कितीतरी डिझर्टेशन्स म्हणजे क्यू पोटेन्सी टाकली, पेशी मेल्या, "होमिओपॅथिक औषध प्रभावी". अहो ते वनस्पतीचा अर्क आहे! फायटोलॅक्कामधून निघणारं पोकवीड मायटोजेन आम्ही इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये लिम्फोसाइट वाढवायला वापरतो, बाटलीत विकत मिळतं. त्याचा परिणाम होणारच. तो औषधशास्त्राचा निकाल झाला, पोटेन्सीचा त्यात काहीही संबंध नाही.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्याच लॅबमध्ये एका हुशार मुलीने आर्सेनिकम ३०सी वर काम केलं, एमटीटीमध्ये (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) १८ टक्के घट, तीन वेळा सलग. आम्ही खूश होतो, मी स्वतः तिला लिहायला बस म्हणालो होतो. पण मनात खटकत होतं म्हणून शेजारच्या लॅबमधल्या सहकाऱ्याला बाटल्यांवरची लेबलं काढून नंबर घालायला सांगितले आणि वेलची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली. फरक नाहीसा झाला. शोधत गेलो तेव्हा कळलं की औषध दर वेळी प्लेटच्या कडेच्या कॉलममध्ये जात होतं आणि कंट्रोल मधे. कडेच्या वेलमधून मीडिया उडतो, इन्क्युबेटरमधली आर्द्रता जरा कमी असली की जास्तच, पेशी सुकतात. आर्सेनिकमचा परिणाम म्हणून जे लिहायला बसलो होतो ते बाष्पीभवन होतं. ती मुलगी दोन दिवस बोलली नाही कोणाशी. मग तिने तोच सगळा शोध डिझर्टेशनमध्ये लिहिला आणि माझ्या मते ते आमच्या लॅबमधलं सगळ्यात चांगलं डिझर्टेशन आहे.

आयआयटी बॉम्बेच्या कामाबद्दल विचाराल म्हणून तेही सांगतो. जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बाजारातली धातूंची औषधं, सोनं, तांबं, जस्त वगैरे, ६सी, ३०सी आणि २००सी मध्ये तपासली आणि त्यात धातूचे नॅनोकण सापडले असं छापलं. झटके देताना येणाऱ्या फेसाबरोबर कण वर चिकटून राहतात असं स्पष्टीकरणही नंतर दिलं. काम इंटरेस्टिंग आहे. पण कण सापडणं वेगळं आणि त्या कणांनी पेशीत काही घडवणं वेगळं. शिवाय ते धातूंचं आहे, वनस्पतींच्या औषधांना तसंच लावता येत नाही. आणि कण असतील तर मग "द्रव्य उरत नाही पण शक्ती उरते" हे तुमचंच वाक्य अडचणीत येतं, ही गोष्ट व्हायव्हाच्या आधी नीट विचार करून ठेवा.

मग करायचं काय? माझा सल्ला कोल्चिकम. हे तुमच्या मटेरिया मेडिकात आहे, गाऊटसाठी. त्यातलं कोल्चिसिन शुद्ध मिळतं, मॉडर्न मेडिसिनमध्येही गाऊटलाच देतात, आणि सेल बायोलॉजीत त्याचं काम काचेसारखं स्वच्छ आहे, ट्युब्युलिन या प्रोटीनला चिकटतं, गुणसूत्रं ओढणारा स्पिंडल बनत नाही, पेशी विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, मेटाफेजमध्ये, अडकते. गुणसूत्रं बघायला आम्ही त्याच्याच भावंडाचा उपयोग करतो. एक मिलिमोलरपासून सुरू करा, शंभर पटीने उतरत जा. पहिल्या पायरीला १० मायक्रोमोलर, दुसऱ्या पायरीला १०० नॅनोमोलर, तिसऱ्या पायरीला एक नॅनोमोलर. माझ्या अंदाजाने दुसऱ्या पायरीपर्यंत पेशी अडकलेल्या दिसतील आणि तिसरीच्या आसपास परिणाम मावळेल. हीच मालिका दोनदा करा, एकदा प्रत्येक पायरीला झटके देऊन आणि एकदा नुसतं हलकं मिसळून. आणि तिसरी मालिका नुसत्या सॉल्व्हंटची, त्याच काचेच्या बाटल्या, त्याच बॅचचं पाणी, तितकेच झटके, कारण झटक्यांनी हवा मिसळते, काचेतून थोडं काहीतरी विरघळून येतं, आणि पेशीला ते कळू शकतं. मग ३०सी पर्यंत जा. झटक्यांनी शक्ती वाढत असेल तर दोन कर्व्ह कुठेतरी वेगळे व्हायला हवेत, तेही कोड न फोडता. कोल्चिसिन फार विषारी आहे, ग्लोव्हज आणि हूडशिवाय हात लावू नका, आणि वजन स्वतः करू नका, तयार स्टॉक घ्या.

पेशी एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रातून घ्या, पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे, आपल्याकडची राष्ट्रीय सेल रिपॉझिटरी. मैत्रिणीच्या लॅबमधून फ्लास्क मागून आणू नका, तो पन्नासाव्या पॅसेजला (पन्नास वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेला) असेल आणि त्यात मायकोप्लाझ्मा हे छुपे जिवाणू असतील. आल्या आल्या मायकोप्लाझ्माची टेस्ट करा. एफबीएसची, म्हणजे मीडियात घालायच्या वासराच्या सीरमची, एकच बॅच शेवटपर्यंत पुरवा. एमटीटीवर एकट्यावर विसंबू नका, वनस्पतीच्या अर्कातली काही द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, म्हणून मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजा आणि मेटाफेजसाठी स्लाईड करा. कोड ठेवणारा माणूस प्रयोगातला नको. आणि फोटो जपून ठेवा, मूळ फाईल, तारखेसकट. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गटाचा रस टॉक्स या होमिओपॅथिक औषधावरचा पेपर सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलने २०१८ मध्ये छापला आणि २०१९ मध्ये मागे घेतला, त्यात फोटोंची पुनरावृत्ती हेही एक कारण होतं आणि पेशींवरचा प्रयोग मुख्य निष्कर्षाला आधार देत नाही हेही.

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. प्लेटमधल्या निकालावरून पेशंटला काही सांगू नका. माझ्या नात्यातल्या एका बाईंना छातीत गाठ होती, कोणीतरी त्यांना तो पेशी मेल्याचा पेपर दाखवला, त्यांनी ऑपरेशन आठ महिने लांबवलं. प्लेटमध्ये साबणाच्या पाण्यानेही कॅन्सरच्या पेशी मरतात. बाईंच्या घरच्यांना हे माहिती असायची गरज नव्हती, पेपर दाखवणाऱ्याला असायला हवी होती.

गाईडना कोल्चिसिनची कल्पना सांगून बघा, "हे होमिओपॅथी नाही" म्हणतील कदाचित, तर त्यांना म्हणा की झटक्यांचा प्रश्न यापेक्षा थेट कसा विचारायचा ते सांगा. चर्चेतून काही चांगलंच निघेल. प्रोटोकॉल लिहून झाला की इथेच टाका, मी बघतो. आणि पहिला कर्व्ह आला की तोही टाका, कंट्रोलच्या कॉलमसकट.